नेलपॉलिशचा ठिपका आणि महादूराव

ज्या माणसाला मी भर दुकानात चोर म्हटलं होतं, तो आज सकाळी गेला.

महादूराव. बारामतीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. नंतर कॉम्प्युटरही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदापूरला मी मुलींचा कॉम्प्युटर क्लास चालवायचे. क्लास म्हणजे एक खोली, एक सेकंडहँड मशीन आणि अकरा मुली.

परीक्षा आठवड्यावर आली आणि मशीन बंद पडलं.

माझे दीर म्हणाले, "वहिनी, हे रिपेअरवाले चांगले पार्ट काढून घेतात. डोळ्यांत तेल घालून बघा."

मी झाकण उघडलं आणि बोर्डावरच्या प्रत्येक मोठ्या चिपवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.
मग सीपीयू मांडीवर घेऊन एसटीनं बारामती.

महादूराव मेंढरं राखणाऱ्या घरातले. याला कॉम्प्युटर काय कळणार, असं मनात आलंच. खोटं कशाला बोलू?

त्यांनी बोर्ड उजेडात धरला.
"ताई, बॅटरी गळलीय. हिरवं झालंय बघा. ठिवून जावा, परवा या."

"ठेवून नाही जाणार. आठवड्यावर मुलींची परीक्षा आहे. इथंच बसते."

"बसा की."

बसले. त्यांच्या हातावरून नजर काढली नाही. चहा आला, तोही नको म्हटलं. मान खाली घातली आणि तेवढ्यात काही काढलं तर?

त्यांनी लिंबू कापलं. रस जुन्या ब्रशनं बोर्डाला लावून हिरवं खरवडलं. मला वाटलं, बाई बघून नाटक चाललंय.

मग नवी बॅटरी बसवली. दोन बारीक कपॅसिटर बदलले. बोर्डावरच्या तांब्याच्या कुजलेल्या रेघेवर केसाएवढी तार जोडली.

दुकानातला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला. स्क्रीन उजळला. पण कीबोर्ड ढिम्म.

एसटीची वेळ झाली. शेवटी ठेवून जावंच लागलं.

दोन दिवसांनी गेले तर कीबोर्ड चालत होता. आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "झाकण उघडा."

बोर्डावरच्या, कीबोर्ड चालवणाऱ्या चिपवर लाल ठिपका नव्हता.

"माझी चिप कुठंय? चोर आहात तुम्ही!"

दुकानातली चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

महादूरावांनी ड्रॉवरमधून कागदाची पुडी काढली. आत माझी चिप. ठिपक्यासकट. तिचे तीन पाय गंजून गळाले होते.

"मग ही कुठली?"

त्यांनी मागच्या फळीकडं बोट केलं. तिथं त्यांचं स्वतःचं मशीन उघडं होतं. त्यावरच ते शिकायचे. चिपची जागा रिकामी.

"अहो, सांगायचं तरी!"

"तुमी बोलू कुठं दिलं, ताई? पुण्यावरनं नवी यायला लई दिस लागत्यात. माझं शिकणं थांबलं तर चालतंय. पोरींची परीक्षा थांबायची न्हाय."

मला साधं सॉरीसुद्धा म्हणता आलं नाही. मशीन उचललं आणि निघाले.

एसटीत बसून काय विचार करत होते, सांगू? यात याचा काय फायदा असेल!
संशय असा लगेच जात नाही.

फायदा काही सापडला नाही. अकराही मुली परीक्षेला बसल्या.

पुढं बरीच वर्षं मशीन त्यांच्याकडंच नेलं. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी दर वेळी ठरवायचे, आज बोलू. आणि दुसरंच काहीतरी बोलून परत यायचे.

आरोप चारचौघांत केला होता. माफी मनातल्या मनात मागून कशी चालेल?

म्हणून इथं लिहिते.

महादूराव, मी चुकले.

तुम्हाला हात जोडून शेवटचा नमस्कार.