लालवर हिरवं, निळ्यावर नारिंगी

पार्लरमध्ये केस आणि किस्से, दोन्ही रोज पडतात. केस निदान झाडून कचऱ्याच्या गाडीत टाकता येतात. किस्से कुठे टाकायचे? बाई खुर्चीत बसली, मान मागे टाकली, डोळे मिटले की बोलायला लागते. चिखलीत इतकी वर्षं पार्लर चालवतेय, एवढं साचलंय की कधीकधी डोकं उठतं. त्यातले फक्त कन्सीलरचे सांगते. कन्सीलर म्हणजे डाग झाकायची क्रीम, फाउंडेशनपेक्षा घट्ट. आमच्या धंद्यातली सगळ्यात खोटारडी वस्तू, म्हणून खपतेही तीच.

*

एक शिक्षिका बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी इंजिनिअर, गालांवर मुरमांचे डाग आणि खड्डे. दुपारी पाहुणे बघायला येणार होते.

"सगळं झाका, पण काही लावलंय असं दिसायला नको," बाईंनी हुकूम सोडला.

मी म्हटलं, "डाग झाकतो मॅडम, खड्डा बुजत नाही. त्याला गवंडी लागेल." त्या काही हसल्या नाहीत. माझी पार्टनर शीला मात्र आत जाऊन हसून आली.

बोटाने थोपटत थोपटत लावलं. चोळायचं नसतं, चोळलं की निघून येतं. मुलगी छान दिसली. तशी ती आधीही छानच दिसत होती, पण ते सांगायला मला कोणी विचारलं नव्हतं.

कार्यक्रमात मुलाच्या आईने कुंकू लावायच्या निमित्ताने मुलीच्या गालावरून अंगठा फिरवला. साडीचा रंग जातो का बघतात ना दुकानात, तसा. अंगठ्याला लागलं. संध्याकाळी नकार आला, "आमची फसवणूक झाली असती."

त्याच आठवड्यात एक बाई पत्ता विचारत पार्लरमध्ये आल्या. दोन्ही गालांवर वांगाचे काळे पट्टे. म्हणाल्या, "त्या मुलीला काय लावलं होतंत हो? अंगठा लावेपर्यंत कळलं नाही. मला तेच द्या."

"मुलाच्या आई ना तुम्ही?"

"हो. रविवारी दुसरीकडे मुलगी बघायला जायचंय."

*

चाकणच्या एका कंपनीत नाइट शिफ्ट करणारी एक पोरगी यायची. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिथे नुसता कातडीच्या रंगाचा कन्सीलर लावला तर राख फासल्यासारखं दिसतं. आधी काळेपणा मारायला नारिंगी करेक्टर थोडासा, मग वरून आपला रंग. एवढं केलं की आठ तास झोपून उठल्यासारखी बाई दिसते.

तर या पोरीला खरोखरच ताप भरला. सुपरवायझरकडे रजा मागायला गेली. तो म्हणाला, "ताप? सगळ्या लाइनमध्ये तूच तर फ्रेश दिसतेस."

दुसऱ्या दिवशी कशीबशी माझ्याकडे आली. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, आज जरा आजारी करा ना."

*

आता मनीषाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही.

मनीषा लातूरकडची. दिली इथल्या जुन्या घरात. चाकणला पार्ट तपासायच्या लाइनवर कॉन्ट्रॅक्टमध्ये लागली होती आणि पर्मनंट व्हायच्या रांगेत होती. नवराही कॉन्ट्रॅक्टवरच, पण त्याला कंपनीने ब्रेक दिला तो दिलाच, परत बोलावलं नाही. बायको पर्मनंट होणार आणि आपण घरी, हे त्याला सोसेना. त्याने सरळ हिशोब केला. तोंडावर मारलं की बाई लाजून घरी बसते, दांड्या पडतात, दांड्या पडल्या की नाव कटतं. पाठीत मारून काय उपयोग, ती कपड्याखाली जाते.

पहिल्यांदा आली तेव्हा डावा गाल लालबुंद. मी हिरवा करेक्टर उघडला तशी घाबरली. "हिरवं? तोंडाला?"

म्हटलं, "लालवर हिरवं, निळ्यावर नारिंगी, जांभळ्यावर पिवळं. घाबरू नको, वरून तुझाच रंग देते. कशाने लागलं?"

"कपाटाचं दार लागलं."

शीला दोरा तोंडात धरून कोणाच्या तरी भुवया करत होती. दोरा काढून म्हणाली, "कपाट उजव्या हाताचं दिसतंय."

मनीषाला हसू आलं. मग गाल दुखला म्हणून रडूही आलं. लावलेलं सगळं वाहून गेलं, मला पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. पण कंपनीची बस तिने चुकवली नाही.

*

पुढे तिची सवयच झाली. शिफ्टच्या आधी यायची, मी काही विचारायची नाही. रंग बघितला की मला कळायचं, मार आजचा की परवाचा. असलं ज्ञान कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, आणि माझ्या वैऱ्यालाही ते लागू नये.

एक दिवस हसत हसत आली. कसलं हसू ते, पित्त वर आल्यासारखं. म्हणाली, "ताई, बसमध्ये बायका काय म्हणतात माहितीये? मनीषा, तुझा चेहरा बघ कसा एकसारखा आहे. नवरा फार जपतो वाटतं!"

*

तिची सासू एकदा तणतणत आली. चपला न काढताच दारात उभी.

"आमची सून लई नटून जाती कंपनीत. तुमीच लावता तिला ह्ये थापाडं. लोक काय म्हनत्याल?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मावशी, लोक काही म्हणू नयेत याचीच तर सोय करतेय मी. लावायचं बंद करते उद्यापासून. मग बघा लोक काय म्हणतात ते."

मावशींनी आधी चपला काढल्या. मग म्हणाल्या, "लावत जा, पर जरा कमी."

*

दिवाळीच्या आधी मनीषा पर्मनंट झाली. नव्या ओळखपत्रासाठी कंपनीत फोटो काढणार होते, आणि नेमका आदल्या दिवशी डोळ्याखाली निळा डाग. मी जीव ओतून काम केलं. पातळ पातळ थर, मध्ये पावडर, पुन्हा थर. शीला पंख्याने वारा घालत होती.

फोटो दाखवायला आली. काय सुंदर आली होती! स्वतःच कितीतरी वेळ बघत बसली.

"ताई, लग्नाच्या फोटोतही मी एवढी चांगली आले नव्हते."

शीला म्हणाली, "लग्नात तुला काही झाकायला नव्हतं ना."

*

पाडव्याच्या आदल्या दिवशी नवरा स्वतः आला. पार्लर तुडुंब भरलेलं, आणि बाहेर पाटी, 'फक्त महिलांसाठी'. हा उंबऱ्यावर. धुतलेला शर्ट, गोरापान, तोंडावर सणाचं हसू.

"ताई, ते तोंडाला लावत्यात ना, डाग दिसू नये म्हनून, ते पायजे. मनीषासाठी. पाडव्याची ओवाळणी."

पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि तो ताटात काहीतरी घालतो. कोणी साडी घालतं, कोणी सोनं. याला हे सुचलं.

मी गिऱ्हाइकाला विचारते तसंच विचारलं, "कशासाठी हवंय? काळी वर्तुळं, मुरूम की वांग?"

"समद्याला चालंल आसं द्या."

"रंग?"

त्याने डोकं खाजवलं. "गोरीच म्हना की."

"सावळी आहे ती. इतक्या वर्षांत बघितलं नाही का?"

त्याचं हसू मावळलं. खाली बघत म्हणाला, "भाऊबीजेला तिचं भाऊ येनार हाईत. उगं सनासुदीला तमाशा नको."

मला त्याला हाकलायचं होतं. पण भावांपुढे काय झाकायचं, काय दाखवायचं, ते मनीषाने ठरवायचं होतं, मी नाही. तिच्या शेडची ट्यूब काढून दिली. शीला दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

*

भाऊबीजेला सकाळी शटर वर करतेय तोच मनीषा आली. भाऊ अजून लातूरच्या गाडीतच होते. चेहऱ्यावर काही म्हणजे काही लावलेलं नव्हतं. गालावरचा डाग उघडा, आणि ती मान वर करून भर रस्त्यातून तशीच चालत आलेली. बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या होत्या.

ट्यूब काउंटरवर ठेवली.

"ताई, सील फोडलेलं नाही. बदलून मिळेल का?"

मी ट्यूब फिरवून पाहिली. "का गं? शेड तर तुझीच दिलीये."

"हो, माझीच आहे," ती म्हणाली. "पण ह्यांचा रंग माझ्यापेक्षा उजळ आहे."