पातेल्यातच पचलेला चीक

माझ्या नणंदेच्या लग्नाच्या अर्ध्या कुरडया मी पातेल्यातच पचवल्या. मी धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे.

लग्न होऊन मी जळगावहून धुळ्याला आले, तो पहिलाच उन्हाळा होता. नणंद संध्या हिचं लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लगेच होतं. मुलगा दोंडाईचाचा. साखरपुड्याच्या जेवणात मुलाच्या आईनं, म्हणजे होणाऱ्या विहीणबाईंनी, आमच्या घरची कुरडई उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "जाड शे." बस्स, एवढंच! पण माझ्या सासूबाई, ज्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणायची, त्या दिवशी धड जेवल्या नाहीत. रुखवतात अशी कुरडई मांडीन की तिच्यातून पलीकडचा माणूस ओळखू येईल, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. लग्नात बाकी काही कमी पडलं तरी चालणार होतं (नवरदेव उंचीला जरा कमी होता, तेही चालवून घेतलं होतं), पण कुरडईवरून हसं होता कामा नये!

कुरडईसाठी गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळायचा आणि तळाशी बसलेला पांढराशुभ्र चीक पाण्यात शिजवून घोटायचा. माझ्या पुस्तकात याला पिष्टमय पदार्थ म्हणतात: साखरेच्या रेणूंच्या लांबलचक माळा, गरम पाणी पिऊन फुगलेल्या. या माळा लांब असतात म्हणून चीक घट्ट होतो आणि चीक घट्ट होतो म्हणून कुरडईची तार निघते. हे सगळं मला पाठ होतं. पण वाटीभर गरम चीक, त्यावर तेल आणि तिखट आलं, की माझं शिक्षण संपतं.

कुरडया घालायच्या दिवशी भल्या सकाळी गच्चीवर गल्लीतल्या बायका जमल्या. पहिलं पातेलं झकास उतरलं. दुसरं शिजवून खाली घेतलं आणि नेमका तेव्हाच सोऱ्याचा आटा अडकला. अक्का दुसरा सोऱ्या शोधायला निघाल्या.

"हाऊ चीक संभाळ. साय धरू देऊ नको, हालावत ऱ्हाय. आन पोऱ्यास्ले हात लावू देऊ नको. उष्टं व्हई जाई!"

"तुम्ही बिनघोर जा अक्का."

मी इमानेइतबारे हलवत राहिले. डावानं ढवळायचं, डावाला लागलेलं चाटायचं, पुन्हा ढवळायचं. (चव बघणं म्हणजे खाणं नव्हे, हे कुठलीही सून शपथेवर सांगेल.) चीक कोमट होत गेला तसा आणखीच छान लागायला लागला. एका पोराचं बोट पातेल्याच्या दिशेनं आलं, तर मी त्याला असं खडसावलं की ते रडत घरी गेलं!

अक्का सोऱ्या घेऊन आल्या. चीक भरला, दाबला, आणि तार निघायच्या ऐवजी खाली धार लागली! प्लास्टिकवर थारोळंच झालं.

"हाई काय व्हयनं वं माय!" अक्का मटकन खालीच बसल्या. लग्न तोंडावर आलेलं. नवा गहू भिजवायला वेळ नव्हता.

मग प्रत्येकाची बुद्धी चालायला लागली. शेजारच्या सुमनकाकू म्हणाल्या, "दृष्ट लागनी." सासरे, म्हणजे नाना, पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "नळाचं पाणी. पांझरा नदीला पाणीच नाही तर कुरडई कुठून येणार?" अक्कांनी तर थेट दोंडाईचाकडे बोट दाखवलं. "तिनी नजर शे! साखरपुडामाच देखं व्हतं मी!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वर्गात रोज बोलायची सवय!

"थांबा! उगाच कुणाला दोष देऊ नका. आपण तपासणीच करू!"

मी औषधांच्या डब्यातली आयोडीनची बाटली आणली. दोन बशा मांडल्या. एकीत पहिल्या पातेल्याची खरवड, दुसरीत हे पातळ प्रकरण. पहिलीत आयोडीनचा थेंब टाकला, तर चीक शाईसारखा निळाकाळा! बायका चाट पडल्या. मला भलताच चेव आला. दुसऱ्या बशीत थेंब टाकला, तर रंग नुसता चहासारखा तांबूस.

"बघितलंत? यातलं पिष्ट तुटलंय! कुणीतरी त्याची साखर केलीय!"

अक्कांनी पातेल्यातला थेंब बोटावर घेऊन चाखला. "हां वं, गोड लागस."

"लागणारच! हे दृष्टीचं काम नाही, हे विकराचं, म्हणजे एन्झाइमचं काम आहे. पिष्टाच्या माळा कापणारं विकर."

"पण वहिनी, ते यात आलं कुठून?" संध्यानं विचारलं. (बी.एस्सी. झालेली नणंद कुणाच्या वाट्याला येऊ नये.)

"सोपं आहे. ते असतं आपल्या ला..."

लाळेत, हा शब्द माझ्या तोंडातच राहिला. संध्यानं डावाकडे पाहिलं. चिकाच्या पातेल्यातला डाव असा लखलखीत कधी असतो का! तिथून तिची नजर माझ्या हनुवटीवर आली आणि तिथेच थांबली. मग सगळ्या बायकांची तिथेच थांबली. मी हनुवटी पुसली, पण तोवर फार उशीर झाला होता. पंचनामा मीच केला होता आणि पुरावाही मीच चघळत होते!

"अक्का, पुन्हा खळखळून उकळू," मी घाईघाईनं म्हटलं. "उकळलं की विकर मरतं."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "आन उष्टं? उष्टं मरस का?"



मला वाटलं, आता संध्याकाळची जळगावची बस. पण अक्कांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या! पदर डोळ्यांना लावून हसत होत्या.

"भूक लागनी व्हती ते सांगनं ना पोरी! मी वाटीमा काढी देतू!"

त्या घरात मला कुणी पहिल्यांदा 'पोरी' म्हटलं ते असं, अख्खं पातेलं नासवल्यावर. मला एकदम रडू आलं आणि बायकांना वाटलं, मी चिकासाठीच रडते आहे.

तो चीक अक्कांनी उकळून पळीनं प्लास्टिकवर ओतायला लावला. वाळल्यावर काचेसारख्या पापड्या झाल्या. पण त्या घरच्यासाठी, वेगळ्या डब्यात, कपाटाच्या वर. रुखवतात पहिल्या पातेल्याच्या कुरडया गेल्या. ढीग मोठा दिसावा म्हणून खाली टोपली पालथी घातली होती. विहीणबाईंनी एक कुरडई उचलली, उजेडात धरली आणि काही न बोलता परत ठेवली. अक्का जिंकल्या!

गोष्ट इथेच संपायची, पण पुढे विहीणबाई संध्याला न्यायला घरी आल्या. नानांना यातलं काहीच माहीत नव्हतं (ते अजून पांझरेवरच होते). त्यांनी कौतुकानं कपाटावरचा डबा काढून दिला आणि सुमनकाकूंनी घाईगडबडीत, डबा कुठला हे न बघता, त्या पापड्या शेजारी आपल्या घरी तळूनही आणल्या! अक्का आणि मी चहा घेऊन बाहेर आलो, तर विहीणबाईंची दुसरी पापडी चालू होती.

"काय पातय शे वं! आन गोडसर! काय टाकेल शे इन्हामा?"

संध्या तोंडात पदर कोंबून आत पळाली. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "आमनी सूननी युक्ती शे. तिलेच इचारा."

"पाणी," मी म्हटलं. "सगळं पाण्याच्या प्रमाणावर असतं."

त्यानंतर दर उन्हाळ्यात चीक शिजला की अक्का पहिली वाटी मला द्यायच्या आणि पातेल्यापासून लांब, जिन्याच्या पायरीवर बसवायच्या. "पयले हिनं पोट भरू द्या, मंग सोऱ्या काढा!" अक्का गेल्या, त्यालाही आता काही वर्षं झाली. या उन्हाळ्यात मीच माझी वाटी भरून घेतली आणि त्याच पायरीवर जाऊन बसले. चीक चांगला झाला होता. पण कुणी दटावलं नाही, तर त्याला चव येत नाही. मला त्यांची फार आठवण आली.

कॉलेजात मात्र ती आठवण दरवर्षी अभ्यासक्रमातच असते. परीक्षानळीत पिष्टाचं द्रावण, त्यात थोडी लाळ, थोड्या वेळानं आयोडीन. लाळ द्यायला पोरं लाजतात, म्हणून शेवटी मीच देते. द्रावण काही केल्या निळं होत नाही आणि वर्ग खूश होतो.

"मॅडम, तुमचा प्रयोग एकदाही फसत नाही!"

मी नुसती हसते. एवढ्याशा परीक्षानळीचं काय घेऊन बसलात, पोरांनो! ऐन लग्नसराईत मी अख्खं पातेलं करून दाखवलंय.