तीन घरचं क्रियापद

माझ्या मावशीच्या यजमानांइतका विद्वान माणूस अख्ख्या हैदराबादेत नव्हता, आणि इतका निरुपयोगी तर नव्हताच नव्हता. काका आबिड्सजवळच्या सरकारी कॉलेजात फ्रेंच शिकवायचे. वर्गात पोरं सहा, त्यातली चार पंख्याखाली बसायला येत. काकांना त्याचं काय! ते फ्रेंचमधल्या एकाच क्रियापदाच्या मागे लागले होते: 'जाणे'. "अरे, 'मी जातो' आलं एका लॅटिन धातूतून, 'मी जाईन' दुसऱ्यातून, आणि 'आम्ही जातो' कुठून आलं, ते अजून कुणाला धड सांगता येत नाही. तीन घरचे, पण नांदतात एकत्र," हे ते जेवताना सांगत आणि त्यांची आमटी निवून जाई.

फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जे रूप सापडेल ते काका चिठ्ठीवर टिपून चपलांच्या खोक्यात ठेवत. कोरा कागद कापणं मात्र त्यांना पाप वाटे. पाठकोरा कागद दिसला की कात्री चाललीच. लग्नपत्रिका कापल्या, बेगम बाजारातून आलेल्या पुड्यांचे कागद कापले, मी शिकायला त्यांच्याकडेच राहत होतो, तर एकदा माझी गुणपत्रिकासुद्धा कापली.

मग छप्पन्न साली हैदराबाद राज्य फुटलं. तेलंगण इकडे, मराठवाडा तिकडे, कानडी जिल्हे म्हैसुरात. नोकरदारांना फॉर्म आले, राहणार की जाणार? औरंगाबादला मावशीची आई अंथरुणाला खिळलेली, एकटी. मावशीनं फॉर्म काकांच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "तिथं गेलो तर आईला माझ्या हातचं पाणी मिळेल." काका हौ म्हणाले. ती रोज आठवण करून देई, ते रोज हौ म्हणत.

तारीख उलटल्यावर फॉर्म सापडला. खोक्यात, चार तुकडे, प्रत्येकाच्या पाठीवर भविष्यकाळ. काकांबरोबर कचेरीत मीच गेलो होतो. कारकुनानं तुकडे टेबलावर नीट जुळवून पाहिले. बिचारा हसलासुद्धा नाही.

"तारीख निकल गई, साब. अब कुछ नई होता."

मावशी भांडली नाही, तेच वाईट. वर्षभरानं तार आली. मावशी औरंगाबादला पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला काकांचा राग आला, खरं सांगायचं तर अजूनही येतो. पण त्यानंतर त्यांनी कात्रीला हात लावला नाही, आणि जेवताना क्रियापदही काढलं नाही.

काका गेल्यावर मावशीनं ते खोकं माझ्यापुढं ठेवलं. वरच तो फॉर्म होता, काळ्या दोऱ्यानं शिवलेला, टाके वेडेवाकडे. कचेरीत नेला तेव्हा कोरे असलेले सगळे रकाने आता काकांच्या अक्षरात भरलेले. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सासूबाई एकट्या आहेत.'

रद्दीत देऊ का, असं मी विचारलं.

"नक्को," मावशी म्हणाली. "जन्मात तेवढं एकच शिवलंय त्यांनी."

मग तिनं खोक्याला दोरी बांधली आणि ते कपाटात तिच्या लुगड्यांखाली ठेवून दिलं.