रुमालाखालचं विमान

अख्ख्या आशियातल्या लहान-लहान देशांना लढाऊ विमानं विकायची जबाबदारी नागपुरात एकाच माणसाने स्वतःहून अंगावर घेतली होती, आणि तो माणूस संत्र्याचा दलाल होता! आमच्या शेजारचे काका. धंदा नरखेडच्या संत्र्यांचा, जीव मात्र आपल्या देशात बनलेल्या त्या बुटक्या लढाऊ विमानात. सोनेगावच्या विमानतळावरून ते उडालं की काका गिऱ्हाइकाला तसंच सोडून रस्त्यावर. मी नक्कल करायचो ती इथूनच. धोतराचा सोगा हातात, मान मागे, "पाह्य गा, पाह्य! मोठ्या देशाचं विमान म्हंजे हत्ती, पोसता पोसता मालक मरते. हे आपली बकरी होय! सस्ती, चपळ, कस्तुरचंद पार्कातबी उतरते! बर्मा, सिलोन, मलायावाले दारी हत्ती काहून बांधतीन?"

काकू आतून ओरडायच्या, "आधी पेट्या तर विका जी!"

एका हिवाळ्यात पूर्वेकडच्या एका लहान देशाच्या हवाईदलाचे साहेब आमचा संत्रा बाजार पाहायला आले. वर्दीत! काकांना घाम फुटला. दुभाषा मी, कारण मॅट्रिकला इंग्रजीत आपटलो असलो तरी टेचात बोलायचो. आता आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, आणि समोरच्याने अख्खा पंजा दाबला की सौदा पक्का. काकांनी वर आभाळात बोट दाखवलं, "झूंऽऽ" केलं, रुमाल टाकला आणि साहेबाची बोटं धरली. साहेबाला वाटलं, हा नागपूरचा रामराम असेल. त्याने हसत हसत अख्खा पंजा धरून गदागदा हलवला.

"देल्लं! अरे, विमान देल्लं!" काका नाचलेच. बाजारभर पेढे. साहेबही पेढा खाऊन, संत्र्याची पेटी घेऊन खुशीत गेले.

"बाबू, आता त्याचं पाहून बर्मावाले येतीन, मंग सिलोन!" रोज सकाळी पेपर मी मोठ्याने वाचायचा आणि काकांनी डोळे मिटून ऐकायचा. असे कितीतरी महिने गेले. मग एक दिवस बातमी आली. त्या देशाने विमानं घेतली होती, पण एका मोठ्या देशाकडून.

"पुन्हा वाच."

वाचलं.

"पंजा त दाबला होता ना गा त्यानं?"

"दाबला होता काका. म्या पाह्यला."

तेवढ्यात डोक्यावरून ते बुटकं विमान गेलं. काका रस्त्यावर आले. पाहुण्यांनी पोहे खाऊन नकार कळवला की बाप पोरीकडे पाहतो ना, तसे ते ठिपका दिसेनासा होईपर्यंत वर पाहत राहिले.