बिनसुंठीचा रस

"आहे ते सगळं इथं. बाहेर शून्य!" असं म्हणत कपाळावर दोन बोटं वाजवणारे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. आमचे जळगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी तिथंच मराठी. मन म्हणजे मेंदूचं काम, मेंदू थांबला की खेळ खलास, हे ते पोरांना पेढे वाटल्यासारखं सांगत. "केळीला घड कशासाठी येतो?" असं कुणी विचारलं की भडकत. "कशामुळे, ते विचार! कशासाठी, ते आजीला विचार!"

माझ्या वडिलांशी त्यांचा रोज ओट्यावर वाद. वडील आत्म्याच्या बाजूचे. मी कुठल्या बाजूचा, ते मला अजून उमगलेलं नाही.

वडील गेले. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावाची घागर भरायची, आणि पितर म्हणून त्यांच्या जागी कुणाला तरी जेवायला बसवायचं. आईनं नेमकं यांनाच बोलावलं! म्हटलं, झालं, आता व्याख्यान. पण स्वारी धुतलेला सदरा घालून हजर.

बोटं वाजवायच्या त्याच जागी आईनं गंध लावलं. आमरसात वडिलांच्या आवडीची भरपूर सुंठ. यांना तर सुंठीचा वाससुद्धा सोसत नसे. डोळे पुसत पुसत त्यांनी दोन वाट्या संपवल्या.

आईनं हात जोडले. "भाऊ, त्यास्नं पोट भरनं का?"

हा माणूस साहेबापुढेही कधी खोटं बोललेला नव्हता. आणि वडील गेल्यापासून धड न जेवलेली आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

बोटं कपाळाकडे गेली, गंधापाशी अडली.

"भरलं, वहिनी. त्यांचं भरलं."

आई त्या दिवशी पोटभर जेवली.

त्यांना पोचवायला निघालो, तर रस्त्यात थांबले. "अरे, तो नाहीच आहे! मग मी बोललो कशासाठी?"

"कशामुळे म्हणा," मी चिडवलं.

ते हसले नाहीत. "तेही सांगता येत नाही रे."

पुढे तेही गेले. मागे कुणी नव्हतं. आखाजीला आईनं दुसरी घागर भरली, त्यांच्या नावाची, आणि पाटावर मला बसवलं. रसाची वाटी तोंडाला लावली आणि थांबलो.

"आई, सुंठ?"

"भाऊले चालत नही."

मला सुंठीशिवाय रस गोड लागत नाही. मुकाट्यानं दोन वाट्या संपवल्या. आई हात जोडून समोर बसली, तेव्हा तिनं विचारायच्या आतच मी म्हणालो, "भरलं, आई. भाऊंचं भरलं."