आवाजाच्या बटणावरचा लाल ठिपका

शांतवन गेल्याचं मला त्याच्या मुलीच्या, रूथच्या फोनवरून कळलं. त्याच्या महिनाभर आधी तो श्रीरामपूरच्या स्टँडवर भेटला होता. माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाला, "सर, आपलं ते यंत्र कुठं असंल हो आता?" "भंगारात," मी म्हणालो आणि लागलेली गाडी पकडली. पुढची अर्ध्या तासाने होती, तीही चालली असती...

आमच्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि शांतवन प्रयोगशाळेत शिपाई होता. ते यंत्र सुरू केलं की अगदी कोरं असे. त्याला आपल्या आज्ञा समजाव्यात म्हणून बेसिक भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे यंत्राचा दुभाषीच, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून, तिच्यातल्या शिट्टीसारख्या आवाजातून आत भरावा लागे; वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आठ दिवस मी कॅसेट लावत होतो आणि दरवेळी पडद्यावर चूक दिसत होती. उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. धुळीच्या भीतीने प्राचार्यांनी त्या खोलीत शिक्षकांखेरीज सगळ्यांना मनाई केली होती, म्हणून शांतवन दाराबाहेर स्टुलावर बसून आमच्या चपला राखायचा.

नवव्या दिवशी पाणी घेऊन आला तो दारातूनच म्हणाला, "सर, रागावनार नसाल तर बोलतो. कॅशेटीची शिट्टी दबकी येतीय. टेपाचं हेड तिरकं हाय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"यंत्रातलं न्हाई कळत. टेपातलं कळतं. चर्चच्या गाण्यांच्या कॅशेटी मीच भरतो की."

दुपारी त्याने घरून स्वतःचा टेपरेकॉर्डर आणला. प्राचार्य नगरला गेले होते, तेव्हा मी त्याला आत घेतलं. पायपुसण्यावर तीनदा पाय पुसून तो आला. आपल्या टेपमध्ये कॅसेट लावून, बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा, स्क्रू केसभर फिरवत, डोळे मिटून ऐकत राहिला. शिट्टी धारदार झाली तसा थांबला. मग आवाज कमी-जास्त करत आम्ही पाच-सहा वेळा कॅसेट चालवली आणि पडद्यावर 'रेडी' उमटलं. आवाजाच्या बटणाची ती जागा चुकू नये म्हणून दुसऱ्या दिवशी तो बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन आला.

प्राचार्यांनी विचारलं, "कसं जमवलंत?" मी म्हणालो, "चिकाटी, सर." उद्घाटनाला शाल मला मिळाली. चहाचा कप पुढे करत शांतवन हसला, "शाल शोभती, सर." तो टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. यंत्र मी सुरू केलं असं कॉलेजच्या स्मरणिकेत छापलेलं आहे. ते खरं नाही.

पुढे त्या खोलीसाठी सहायक नेमायचा होता. "आपल्यातला कोणी आहे का?" प्राचार्यांनी मला एकट्याला विचारलं. शांतवन आत आला असता तर सगळं बाहेर पडलं असतं... मी "नाही" म्हणालो. बाहेरचा माणूस घेतला. नवी यंत्रं येईपर्यंत शांतवन रोज सकाळी टेपरेकॉर्डर पिशवीतून आणायचा, दारातून आत द्यायचा आणि स्टुलावर बसायचा.

गेल्या रविवारी रूथकडे जाऊन तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा एवढंच सांगायचे, सरांनी मला आत घेतलं होतं म्हणून."

फळीवर तो टेपरेकॉर्डर होता. शेवटी शेवटी शांतवनला कमी ऐकू यायचं, गाणी मोठ्याने लावायचा. "पण ऐकून झालं की बटण परत त्या ठिपक्यावर," रूथ म्हणाली. "का, ते आम्हाला कधी कळलं नाही."

मी वाकून पाहिलं. बटण ठिपक्यावरच होतं.