अप्पांना ढोल का नको होता

मंडळी, चुलतभावाची हळद आटोपून धावड्याहून आत्ताच जालन्याला परत आले. थेट सायबर कॅफेत बसून लिहितेय, कारण मन तिथंच अडकलंय.

माझ्या वडिलांना, अप्पांना, ठेक्याची गाणी अजिबात चालत नसत. आम्ही बहिणींनी टेप लावला की, "काय धांगडधिंगा लावलाय!" म्हणून ते बंद करायचे. संथ भजन तेवढं चालायचं. अप्पा जुन्या वळणाचे, असंच आम्ही धरून चाललो होतो.

आज हळदीत ढोल रंगात आला होता. अप्पा मांडवात येताना दिसले आणि काकांनी हात करून ढोल थांबवला.

"बंद काहून केला? वाजू द्या की!" असं म्हणत अप्पा ढोलाला खेटून उभे राहिले. ठेक्यावर त्यांची मान डोलायला लागली.

मला राहवेना. "अप्पा, तुम्हाला तर हे आवडत न्हाई ना?"

"कोण म्हणलं? अगं, सळयांच्या मिलमधी होतो तवा दिवसभर कानात लोखंड आदळायचं. घरी आल्यावर परत दणका सोसत नव्हता. आता बियाण्याच्या कंपनीत शांत काम हाय, तं ढोल गोड लागून राह्यला."

"मंग इतक्या जवळ कशाला?"

"डाव्या कानानं कमी येतं आता ऐकू," ते सहज म्हणाले आणि पुन्हा ढोलाकडे वळले.

लग्न उरकलं की लगेच त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे.

तुमच्या घरात कुणाला एखादं संगीत नकोसं वाटतं का? ते का नकोसं वाटतं, हे कधी विचारलंय?